विश्लेषण : विदर्भाच्या वाघिणी सह्याद्रीत रुजतील का? आठ वाघांमागे चार हजार सावजांचे गणित काय?

राज्याच्या पूर्व टोकाच्या ताडोबातून एक तरुण वाघीण नोव्हेंबर २०२५ मध्ये पश्चिम घाटातल्या चांदोलीत आणली गेली. डिसेंबरमध्ये दुसरी आली. ‘ऑपरेशन तारा’ या नावाने सुरू झालेल्या या मोहिमेत ताडोबा-अंधारी आणि पेंच या विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांतून एकूण आठ वाघ सह्याद्रीत आणण्याला केंद्राने मंजुरी दिली आहे. त्यात पाच माद्या आणि तीन नर आहेत. वाघिणीचा पिंजरा उघडतानाचे व्हिडीओ मोबाइलवर भरपूर फिरले. मात्र वाघीण गाडीतून उतरवणे हा या कामातला सर्वांत छोटा टप्पा आहे. त्याआधी काही वर्षे गवत, पाणी, हरणे आणि गावे यांवर काम झाले आहे आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते चालूच ठेवावे लागणार आहे. हे काम नेमके काय आहे, ते कुठे अडू शकते आणि त्याची किंमत कोण मोजतो?

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे तरी कुठे?

महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा हे पाच विदर्भात. सहावा सह्याद्री, विदर्भाबाहेरचा एकमेव. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून जानेवारी २०१० मध्ये तो अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर, त्यातले सुमारे ६०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, म्हणजे कोअर.

या जंगलाच्या कुशीत दोन मोठे जलाशय आहेत. उत्तरेला कोयना धरणाचा शिवसागर, दक्षिणेला वारणेवरील चांदोली धरणाचा वसंतसागर. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बिबट्या, रानकुत्री, अस्वल, गवा, सांबर, भेकर, पिसोरी असे प्राणी इथे आहेत. म्हणजे जंगल होते, संरक्षण होते, नावात ‘व्याघ्र’ही होते. नव्हती ती वाघांची नांदती वस्ती.

नर वाघ येत होते, मग वाघिणी का आणाव्या लागल्या?

सह्याद्रीत वाघ अगदीच दिसत नव्हता असे नाही. २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेरा ट्रॅपने वाघ टिपला. तोच नर पुढे २०२० मध्ये कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला. प्रत्येक वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी असते, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी. त्यामुळे दोन ठिकाणचे फोटो जुळवून हा एकच वाघ असल्याची खात्री करता आली. दोन्ही जंगलांतले अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. अलीकडच्या काही वर्षांत आणखी काही नर इथे नोंदवले गेले.

पण माद्या येत नव्हत्या. याचे कारण वाघांच्या वागण्यात आहे. नर बछडा वयात आला की आईचे क्षेत्र सोडतो आणि नवीन जागा शोधत शेकडो किलोमीटर भटकू शकतो. मादी बछडी मात्र सहसा आईच्या शेजारीच स्वतःचे क्षेत्र वसवते. काळीसारख्या जंगलातून एखादी वाघीण पिढ्यान्‌पिढ्या थोडी थोडी पुढे सरकत चांदोलीपर्यंत पोहोचू शकते, पण त्यासाठी वाटेतले प्रत्येक जंगल तिला राहण्याजोगे हवे. खाण, रस्ता, रिसॉर्ट किंवा उसाची सलग शेती मध्ये आली की ही साखळी तुटते. परिणाम असा की नर येतात, जोडीदार सापडत नाही, काही दिवस राहतात आणि निघून जातात.

म्हणून माद्या आणून वस्तीची सुरुवात करायची, हा या मोहिमेमागचा विचार. राज्यात असा प्रयोग आधीही झाला आहे. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या होत्या. विदर्भाच्या बाजूनेही गरज आहे. व्याघ्रगणनेनुसार २०१८ मध्ये राज्यात ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. चंद्रपूर जिल्ह्यात तरुण वाघांना जंगलात जागा अपुरी पडते, ते शेताशिवारात येतात आणि माणसे मारली जातात. मात्र आठ वाघ हलवल्याने चंद्रपूरचा प्रश्न सुटणार नाही. ही मोहीम सह्याद्रीसाठी आहे, हे लक्षात ठेवणे बरे.

आठ वाघांना किती भक्ष्य लागते?

इथे साधे अंकगणित कामाला येते. एक वाघ साधारण आठवड्याला एक मोठी शिकार करतो, म्हणजे वर्षाला सुमारे ५० प्राणी. हरणांच्या कळपातून दरवर्षी साधारण दहा टक्के प्राणी शिकारीत गेले तर नव्या जन्मांमुळे कळप टिकून राहतो. त्याहून जास्त गेले तर कळप आटत जातो. म्हणजे ५० प्राण्यांची ‘व्याजावर’ सोय करायची, तर ‘मुद्दल’ सुमारे ५०० प्राण्यांचे हवे. वन्यजीव शास्त्रज्ञ हा ठोकताळा अनेक वर्षे वापरतात.

आठ वाघांसाठी हा आकडा ४,००० वर जातो. शिवाय या ताटात वाटेकरी आहेत. बिबट्या आणि रानकुत्री याच जंगलातली सांबरे, भेकरे आणि डुकरे खातात. पुढे बछडे झाले की गरज आणखी वाढते.

कोणते प्राणी, हेही महत्त्वाचे. भेकर २० किलोच्या आसपास भरते, तेवढ्यावर वाघिणीचे आणि पिल्लांचे भागत नाही. पूर्ण वाढलेला गवा अंगावर घेणे धोक्याचे असते, वाघ बहुधा त्याची वासरे किंवा माद्या निवडतो. सांबर, चितळ, रानडुक्कर या आकाराची सावजे भरपूर असली की वाघीण एका जागी टिकते. भक्ष्य मुबलक असेल तर तिला २० चौरस किलोमीटरच्या आसपासचे क्षेत्रही पुरते. भक्ष्य विरळ असेल तर तिचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढते, ती जास्त चालते आणि जास्त चालणारी वाघीण कधी तरी गावाच्या हद्दीत पोहोचतेच.

जंगल दाट असूनही हरणे कमी का?

सह्याद्रीचे सदाहरित जंगल हिरवेगार दिसते, पण त्यातली बहुतेक हिरवळ झाडांच्या शेंड्यावर, हरणाच्या तोंडापासून वीस-पंचवीस मीटर वर असते. खाली सावली आणि पालापाचोळा. हरणांना लागते ते गवत आणि खुरटी झुडपे. सह्याद्रीत असे गवत मिळते ते माथ्यावरच्या सड्यांवर, जलाशयाच्या पाणी ओसरलेल्या काठांवर आणि जिथून गावे उठली तिथल्या जुन्या शेतांत.

ही जुनी शेते या सगळ्या योजनेत कळीची आहेत. माणसे गेली की भातखाचरांत आणि नाचणीच्या वरकस जमिनीत पहिली काही वर्षे गवत माजते. गवे आणि सांबरे तिथे चरायला येतात. पण त्या जमिनीला तसेच सोडून दिले तर झुडपे वाढतात, कारवी आणि इतर झाडोरा पुढे सरकतो आणि रानमोडी, घाणेरी अशा बाहेरून आलेल्या झुडपांनी ताबा घेतला की गवत संपते. रानमोडीला जनावर तोंड लावत नाही.

त्यामुळे इथे ‘जंगलाला हात लावू नका’ एवढे धोरण पुरत नाही. दरवर्षी झुडपे उपटणे, बी धरण्याआधी रानमोडी काढणे, स्थानिक गवतांचे बी टाकणे, जाळरेषा राखणे, उन्हाळ्यात पाणवठे भरलेले ठेवणे ही कामे करावी लागतात. ताडोबात नवेगाव (रामदेगी) आणि जामणी ही गावे उठल्यावर तिथल्या शेतजमिनींची कुरणे झाली आणि चितळ-सांबरांचे कळप तिथे जमू लागले. मेळघाटातही बोरी, कोहा, कुंड या गावांच्या जागी हेच घडले. पण विदर्भातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात जे जमते ते प्रचंड पावसाच्या कोयनेत तसेच्या तसे जमेल असे नाही. इतक्या पावसात झुडपे फार वेगाने वाढतात. कुरण राखायचे तर दरवर्षी मजूर आणि निधी लागतो. एक वर्ष चुकले तरी मागचे काम वाया जाते.

हरणे बाहेरून आणता येतात का?

येतात, आणि आणलीही गेली. त्यांतली काही आली सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यातून. सागरेश्वरची गोष्ट या विषयात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवरचे हे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तिथे झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली गेली आणि जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे ‘मानवनिर्मित’ अभयारण्य उभे राहिले.

पुढे तिथे हरणे इतकी वाढली की ती कुंपण ओलांडून भोवतालच्या शेतांत जाऊ लागली. त्यांना खाणारा मोठा शिकारी प्राणी तिथे नव्हता. एका ठिकाणी हरणे जास्त आणि शेतकरी हैराण, दुसऱ्या ठिकाणी हरणे कमी आणि वाघाला खायला नाही. दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडून काही चितळे चांदोलीत हलवली गेली.

पण आणलेले चितळ ट्रकमधून उतरवून जंगलात सोडले तर काही दिवसांत बिबट्या आणि रानकुत्र्यांच्या तोंडी जाते. म्हणून आधी त्यांना मोठ्या बंदिस्त कुरणात ठेवले जाते. नवे गवत, नवे पाणी, नवे वास यांची सवय झाली, कळप जमला, पिल्ले झाली की मग दार उघडायचे. या पद्धतीला ‘सॉफ्ट रिलीज’ म्हणतात. वाघिणीलाही आधी अशाच कुंपणाच्या आवारात ठेवून, रेडिओ कॉलर लावून मग खुल्या जंगलात जाऊ दिले.

बंदिस्त आवारातल्या हरणांनी हजारांचा आकडा गाठता येत नाही, हेही खरे. तो गाठायचा तर जंगलात आधीपासून असलेली सांबरे आणि डुकरे वाढली पाहिजेत. त्यासाठी दोनच गोष्टी उपयोगी: गवत आणि शिकारबंदी. फासे लावून होणारी रानडुकराची किंवा भेकराची चोरटी शिकार गावकऱ्यांना किरकोळ वाटू शकते. पण ती थेट वाघाच्या ताटातली असते आणि डुकरासाठी लावलेल्या फाशात वाघही अडकतो.

दुसरीकडे काय साधले, काय बिघडले?

मध्य प्रदेशातील पन्ना हे यशाचे उदाहरण. २००९ च्या सुरुवातीला तिथे एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये बांधवगड आणि कान्हातून दोन वाघिणी आणल्या. नोव्हेंबरमध्ये पेंचमधून एक नर आणला. काही दिवसांतच तो दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या जुन्या घराच्या दिशेने चालू लागला. वनकर्मचारी हत्तींवरून आणि पायी महिनाभर त्याच्या मागावर होते. शेवटी बेशुद्ध करून त्याला परत आणले आणि पन्नातच थांबावे म्हणून त्याच्या वाटेवर वाघिणीचे मूत्र शिंपडले. एप्रिल २०१० मध्ये पहिली पिल्ले जन्मली. आज पन्ना परिसरात पन्नासहून अधिक वाघ आहेत.

ओडिशातील सातकोसिया हे दुसरे टोक. २०१८ मध्ये कान्हातून एक नर आणि बांधवगडमधून एक वाघीण तिथे आणली गेली. गावकऱ्यांना विश्वासात घेण्याचे काम कच्चे राहिले होते. वाघिणीने माणसे मारल्याचा आरोप झाला, लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नर मृत सापडला, तो फाशाने झालेल्या जखमेमुळे. वाघिणीला बेशुद्ध करून कुंपणात ठेवावे लागले आणि २०२१ मध्ये तिला मध्य प्रदेशात परत पाठवले. योजना तिथेच थांबली.

पन्नात वाघ पळाला तरी योजना बुडाली नाही, कारण त्याच्या मागे रोज फिरणारी माणसे होती. सातकोसियात आजूबाजूची गावे विरोधात गेली आणि पुढचे सगळे अवघड झाले.

परदेशातूनही दोन धडे घेता येतात. मोझांबिकमधील गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात ९० टक्क्यांहून अधिक मोठे प्राणी मारले गेले. सरकारने २००८ मध्ये एका सेवाभावी संस्थेबरोबर २० वर्षांचा करार केला. तिथे क्रम असा होता: आधी म्हशी आणि विल्डबीस्टसारखे चरणारे प्राणी, नंतर २०१८ मध्ये रानकुत्री. सोबत भोवतालच्या गावांत शाळा, आरोग्यसेवा आणि कॉफीची लागवड. दुसरे उदाहरण नेदरलँड्समधील ओस्टफार्डर्सप्लासेनचे. समुद्र हटवून मिळवलेल्या सुमारे ५,६०० हेक्टर जमिनीवर घोडे, गुरे आणि हरणे सोडून ‘निसर्गाला त्याचे पाहू द्या’ असे ठरले. चहूबाजूंनी कुंपण, आत शिकारी प्राणी नाही. कळप वाढत गेले आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात उपासमारीने तीन हजारांहून अधिक जनावरे दगावली, त्यांतली बहुतेक हाल थांबवण्यासाठी गोळ्या घालून मारावी लागली. सागरेश्वरच्या कुंपणातला प्रश्न आणि हा प्रश्न जातीने एकच आहे.

जी गावे उठली, त्यांचे काय?

चांदोलीच्या आणि कोयनेच्या जंगलातली आजची शांतता आपोआप आलेली नाही. तिथे गावे होती, देवळे होती, गवळी-धनगरांचे वाडे होते. काही गावे धरणाच्या पाण्यात गेली, काही अभयारण्यासाठी उठली. कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न सहा दशकांनंतरही पूर्ण मिटलेले नाहीत. चांदोलीच्या विस्थापितांनी आणि कोयनेच्या धरणग्रस्तांनी श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली वेळोवेळी ठिय्या आंदोलने केली आहेत. मागण्या त्याच त्या: ठरल्याप्रमाणे जमीन, त्या जमिनीला पाणी, नवीन वसाहतीत नागरी सुविधा.

आज व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून गाव हलवायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनुसार ते ऐच्छिकच असावे लागते. आधी वनहक्क मान्य करायचे, मग ग्रामसभेची आणि कुटुंबांची संमती घ्यायची. केंद्राची मदत २००८ पासून प्रति कुटुंब १० लाख रुपये होती, २०२१ मध्ये ती १५ लाख झाली. कुटुंबाला ही रक्कम रोख घेता येते किंवा तिच्यातून जमीन आणि घरासह पुनर्वसन निवडता येते. कोणता पर्याय निवडावा, यावर घराघरांत वाद होतात. रोख रक्कम काही वर्षांत संपते, जमीन मिळायला काही वर्षे जातात.

हा मुद्दा वाघांच्या चर्चेत बाजूला ठेवता येत नाही. आज वाघिणीसाठी जे कुरण राखले जाते ते कुणाचे तरी भाताचे खाचर होते. त्या कुटुंबाच्या सातबाऱ्याचा प्रश्न मिटला नसेल, तर पुढच्या गावाला संमती मागायला जाणाऱ्या अधिकाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार?

वाघीण हद्दीत राहील का?

राहिली तरी ते पुरेसे नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २० प्रजननक्षम वाघिणींसाठी ८०० ते १,००० चौरस किलोमीटर निर्वेध क्षेत्र लागते. सह्याद्रीचे गाभा क्षेत्र ६०० चौरस किलोमीटर, तेही लांब आणि अरुंद पट्ट्यासारखे. इथला वाघ टिकायचा तर दक्षिणेकडचा रस्ता उघडा हवा: चांदोलीतून विशाळगड, राधानगरी, आंबोली-दोडामार्ग, तिलारी, गोव्याची म्हादई आणि पुढे कर्नाटकातले भीमगड व काळी. या भ्रमणमार्गाचा बराचसा भाग राखीव जंगल नसून खासगी मालकीची रायवळे, काजू-रबराच्या बागा आणि गावे आहेत.

राज्याने या पट्ट्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग, तिलारी अशी संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली आहेत. अभयारण्याच्या तुलनेत यात लोकांच्या हक्कांवर बंधने कमी असतात आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावांना पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. गोव्याला व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश त्याच न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला होता. गोवा सरकारने त्याला आव्हान दिल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

रस्त्यांचा प्रश्न वेगळा. कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग आंबा घाटात हा पट्टा आडवा छेदतो. त्यावर तांत्रिक उपाय आहे आणि तो राज्यातच करून पाहिला आहे. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी नऊ मार्गिका बांधल्या, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची. खालून प्राणी जातात, वरून वाहने. वाघांसह अनेक प्राणी तिथे कॅमेऱ्यात दिसले. मात्र घाटरस्त्यावर हेच काम जास्त अवघड आणि महाग आहे. ते रुंदीकरणाच्या आराखड्यातच धरले तर होते, मागाहून जोडता येत नाही.

आसपासच्या गावांना काय मिळणार, काय सोसावे लागणार?

जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात चार वाघ मृत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. ज्या कोकण-गोव्याच्या पट्ट्यात वाघबारस साजरी होते, तिथेच हे घडले. एका म्हशीवर ज्याचे घर चालते त्याला भरपाईचा अर्ज, पंचनामा आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे परवडत नाही. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. गुरांसाठीही भरपाई आहे. आकडा किती यापेक्षा पैसे किती दिवसांत हातात पडतात, यावर गावाचा कल ठरतो.

सह्याद्रीतले लोक बिबट्याला सरावलेले आहेत, वाघाला नाहीत. गुरे रात्री बंद गोठ्यात बांधणे, चरायला जाताना गटाने जाणे, कॉलरवरून वाघीण गावाजवळ आल्याचे कळताच गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना देणे, हे विदर्भात वर्षानुवर्षांच्या अनुभवातून रुजले. इथे ते सुरुवातीलाच करावे लागेल.

फायद्याच्या बाजूला पर्यटन सर्वांत आधी सांगितले जाते. पण सह्याद्रीत ताडोबासारखा वाघ दिसणार नाही. उतार, दाट झाडी आणि चार महिने कोसळणारा पाऊस, यांत जिप्सीतून वाघ पाहण्याची आशा ठेवू नये. खरा फायदा कमी दिसणारा आहे. १०५ टीएमसीचा शिवसागर आणि १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प याच जंगलाच्या पाणलोटावर उभे आहेत. डोंगरउतारावर झाडोरा टिकला तर माती जागेवर राहते, धरणात गाळ कमी येतो आणि झरे उन्हाळ्यापर्यंत तग धरतात.

यश कसे ओळखायचे?

वाघिणीचा गर्भकाळ साधारण साडेतीन महिन्यांचा असतो. पिल्ले दीड ते दोन वर्षे आईजवळ राहतात. त्यामुळे एक-दोन वर्षांत बछड्यांची बातमी आली तरी ती सुरुवात असेल. इथे जन्मलेल्या मादीने इथेच क्षेत्र वसवून स्वतःची पिल्ले वाढवली, तर वस्ती रुजली असे म्हणता येईल. त्याला सगळे नीट जुळले तरी पाच-सहा वर्षे लागतील.

मधल्या काळात काही वाघ पळतील, एखादा दगावेल. पन्नातही सगळे सुरळीत झाले नव्हते. तोवर पाहण्यासारखे आकडे दुसरेच आहेत: दरवर्षी किती हेक्टर कुरण रानमोडीमुक्त राहिले, सांबरांची घनता वाढली का, किती फासे सापडले, गुरांच्या भरपाईचे किती अर्ज महिनाभरात निकाली निघाले आणि चांदोलीच्या किती विस्थापितांना ठरलेली जमीन मिळाली. हे आकडे दरवर्षी जाहीर झाले तर पुढचे वाघ आणायचे की थांबायचे, हे ठरवायला कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंची वाट पाहावी लागणार नाही.